परदेशातली माणसं चांगली असली, तरी काळजी कशाची?



मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी... आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत आता एखादं तरी मूल परदेशात शिकतंय. निघण्याआधी घरात हमखास विचारलं जातं, "तिथली माणसं कशी आहेत? सेफ आहे ना?" आपण हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतो आणि उत्तरही एकच धरतो. माझ्या मते वर्गात ते वेगवेगळे शिकवायला हवेत.

पहिल्याचं उदाहरण आपल्या कल्याणचंच आहे. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरच्या लेकीसारखं ठेवून घेतलं. ओळख फक्त पत्रांतून झालेली! पुढे आनंदीबाईंच्या अस्थींनाही कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत जागा मिळाली. यापेक्षा जास्त माया कुणी काय करणार? पण तिथली थंडी आणि आजारपण या मायेला थोपवता आलं नाही. १८८६ साली पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या.

दुसरं उदाहरण सांगताना जड जातं. लँकेस्टर विद्यापीठात शिकणारा पुण्याचा अनुज बिडवे, वय २३. २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे इंग्लंडमधल्या सॅल्फर्डमध्ये मित्रांसोबत चालत असताना एका अनोळखी माणसाने त्याला गोळी घातली. भांडण नाही, काही नाही. अनुजची यात काहीएक चूक नव्हती. खुन्याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली, किमान ३० वर्षांची. आणि त्याच सॅल्फर्डचे रहिवासी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, त्याच्या आईवडिलांना धीर द्यायला पुढे झाले. गाव तेच. मग ते चांगलं म्हणायचं की वाईट? हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना जरूर विचारा आणि उत्तर द्यायची घाई करू नका.

आपल्या मुलांची एक सवय मात्र इथेच तपासून घ्यावी लागते. उपनगरातलं मूल सुरक्षितता गर्दीवरून मोजतं. रात्री बाराला बोरिवली स्टेशनबाहेर रिक्षावाले असतात, भुर्जीची गाडी असते, चार माणसं असतात. परदेशातल्या अनेक गावांत संध्याकाळीच रस्ते रिकामे होतात. रिकामा रस्ता म्हणजे धोकाच असं नाही, पण हाक मारली तर ऐकणारं कुणी नसतं, हे त्याला आधी माहीत हवं. (दुकानदाराने हसून "कसे आहात?" विचारलं म्हणजे मैत्री झाली, असंही नाही हो! ती तिथली रीत आहे.)

पालकांनी एक संध्याकाळ मुलासोबत बसावं. खोली कुणी ओळखीच्याने पाहिल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. पासपोर्ट घरमालकाकडे ठेवायचा नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवायचं. आणि नंबर तोंडपाठ हवेत: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००. पाढ्यांसारखे म्हणून घ्या, मुलं हसतील, हसू देत.