आधी प्रथिने, मग भात

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन उतरतंय, पण तळलेला बांगडा आणि भात खाल्ला की छातीत अडकल्यासारखं होतं, अधूनमधून उलटी होते. केसही गळताहेत. प्रथिनं कशी भागवू?
– एक वाचक, कसाल

उत्तर : ताई, या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. उरलेल्या जागेत आधी प्रथिने, मग भाजी, भात शेवटी, हा क्रम पाळा. साधारणपणे रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. तुमचा आकडा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

तळलेला मासा कोरडा पडतो, भाताचा गोळा बसतो. तोच बांगडा काटे काढून, कमी तिखटाच्या सारात कुस्करून खा. 100 ग्रॅम मासळीतून सुमारे 20 ग्रॅम, दोन अंड्यांतून 12 ग्रॅम प्रथिने मिळतात. कुळथाची पिठी गिळायला सोपी, पण पातळ पिठीत प्रथिने थोडीच. तिच्या भरवशावर राहू नका. घट्ट दही, पनीर जोडा. तरीही कमी पडल्यास डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडर घ्या.

घास लहान घ्या, भरपूर चावा. पाणी, सोलकढी जेवणानंतर अर्ध्या तासाने. नवा पदार्थ एका वेळी एकच. सोसला नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा चाखा.

केसगळती या काळात अनेकांना होते आणि सहसा थांबते. तरी लोह, बी-12 तपासून घ्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडू नका. उलट्या रोज होऊ लागल्या किंवा पाणीही टिकेना, तर त्याच दिवशी सर्जनना गाठा. सततच्या उलट्यांनी बी-1 कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते.