यंत्राची पुष्पिका : संगणकाचे फर्मवेअर, कार्यप्रणाली आणि भाषेची नोंद

भारतीय भाषा आणि संगणक यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा टंक, कळफलक आणि अक्षरसंकेत या तीन अंगांनी झाला आहे. त्याहून खालच्या एका थराकडे भाषाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. यंत्र सुरू होऊन कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, स्मृतीत येते, तेव्हा आपण कोणत्या यंत्रावर आलो आहोत हे तिला ठाऊक नसते. स्मृती किती, पडदा कोणत्या जातीचा, तपमान मोजणारा घटक कोठे बसवला आहे, हे तिला सांगावे लागते. काही जोडउपकरणे विचारल्यास स्वतःची ओळख देतात. पण यंत्राच्या मुख्य फलकाविषयीची बरीचशी माहिती सांगणारे दुसरेच कोणी असते. ते म्हणजे फर्मवेअर : निर्मात्याने फलकावरील कायम स्मृतीत लिहून ठेवलेली आज्ञावली आणि तिच्याबरोबरची कोष्टके. या सांगण्याच्या व्यवहारात भाषेला कोठे जागा मिळाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी पुणे, बंगळूर आणि कर्जत तालुका येथील तीन यंत्रांकडे पाहावयाचे आहे.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा व्यवहार अगदी परका वाटू नये. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, शक, स्थळ तीत येते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख येतो, तेथे ‘लेखक’ म्हणजे लिहून घेणारा, हे वेगळे सांगावयास नको. आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये या पद्धतीचे विलक्षण साम्य सापडते. त्या यंत्राच्या प्रक्रियकाला दहा लाखांहून किंचित अधिक, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांपर्यंत पोचता येई. त्यांतील अगदी शेवटचे सोळा बाइट फर्मवेअरच्या ताब्यात होते. त्या फर्मवेअरला बायॉस म्हणत. सोळांपैकी पहिल्या पाच बाइटांत ‘येथून अमुक ठिकाणी जा’ ही आज्ञा असे, पुढच्या आठांत बायॉसची तारीख, आणि पंधराव्या जागी यंत्राच्या नमुन्याची खूण. मूळ नमुन्याची खूण २५५, १९८३ च्या एक्सटीची २५४, १९८४ च्या एटीची २५२. पहिल्या बायॉसवर २४ एप्रिल १९८१ ही तारीख आहे, आणि ती अमेरिकी रीतीने, महिना आधी व दिवस नंतर, अशी लिहिली आहे.

याखेरीज कार्यप्रणालीला बायॉसला प्रश्न विचारता येत. साधनसामग्री काय आहे असे विचारले की उत्तरादाखल सोळा द्विमान अंकांचा एकच ‘शब्द’ मिळे. चकती-चालक किती, पडदा कोणता, हे त्यात बांधलेले असे. मौज अशी की मूळ यंत्रात बायॉस स्वतः यातील काही गोष्टी फलकावरील बारीक खटक्यांवरून वाचत असे, आणि ते खटके यंत्र जोडणाऱ्या माणसाने हाताने लावलेले असत. म्हणजे कार्यप्रणालीची साक्ष बायॉसवर, बायॉसची खटक्यांवर आणि खटक्यांची एका अनाम कारागिरावर.

या सगळ्या प्रश्नोत्तरांत भाषा हा विषयच नव्हता. पडद्याच्या जोडपत्रावरील कायम स्मृतीत २५६ आकृत्या कोरलेल्या असत. एकरंगी पडद्यावर प्रत्येकीला नऊ बाय चौदा ठिपक्यांची चौकट. वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षर यांना या चौकटीत शिरावयास वाव नव्हता, आणि ‘तुझी लिपी कोणती’ असे कार्यप्रणालीने विचारावे अशी सोयही नव्हती. पुण्याच्या जिस्ट कार्डाचे महत्त्व येथे ध्यानात येते. कानपूरच्या आय.आय.टी.त १९८० च्या दशकात झालेले देवनागरीचे काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले, आणि यंत्रात बसवावयाच्या एका जोडपत्राच्या रूपाने ते कचेऱ्यांत पोचले. एका भारतीय लिपीचे अक्षर एका बाइटात लिहावयाचे, आणि त्या बाइटांची मात्रा-जोडाक्षरांसह आकृती जोडपत्राने घडवावयाची, अशी ही योजना. तिचा अक्षरसंकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की या नावाने निश्चित झाला. कार्यप्रणाली आणि तिच्यावरील इंग्रजी आज्ञावल्या आपण नेहमीचीच अक्षरे हाताळीत आहोत अशा समजुतीत राहत. मराठी फक्त जोडपत्राला ठाऊक. तोडगा म्हणून तो उत्तम होता, यात शंका नाही. पण यंत्राच्या नोंदीत मराठी आली नाही. जोडपत्र उपसले की मराठीही गेली.

बंगळूरचे उदाहरण याहून वेगळे आणि माझ्या मते अधिक विचार करावयास लावणारे आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून सिम्प्युटर नावाचे हातात मावणारे यंत्र सिद्ध केले; २००१ च्या एप्रिलमध्ये ते लोकांसमोर आले. ‘साधा, स्वस्त, बहुभाषिक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे त्याच्या नावातच गुंफली आहेत. भाषा ज्याच्या नावात आहे असे यंत्र विरळाच. स्ट्रॉंगआर्म जातीचा प्रक्रियक, वर लिनक्स, स्पर्शाने चालणारा पडदा, आणि स्मार्ट कार्डासाठी एक खाच. गावात एकच यंत्र असावे, ते अनेकांनी आळीपाळीने वापरावे, आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डात राहावी, ही त्यामागची कल्पना.

अशा यंत्रात बायॉस नसतो. स्ट्रॉंगआर्मवरील लिनक्सची त्या काळची रीत अशी होती : यंत्र जागे करणारी छोटी आज्ञावली लिनक्सच्या गाभ्याला एक क्रमांक देई. हा यंत्रजातीचा क्रमांक. त्यांची नोंदवही इंग्लंडमध्ये रसेल किंग ठेवीत. क्रमांकासोबत स्मृतीचा आकार वगैरे मोजक्या बाबींची यादी असे, एवढेच. पडदा कोठे जोडला आहे, खाच कोणत्या तारेवर आहे, हे सारे गाभ्यातच, त्या क्रमांकाखाली, आधीपासून लिहिलेले असावे लागे. म्हणजे पोथीला पुष्पिका नाही, केवळ दप्तरातला अनुक्रमांक आहे, आणि पोथीची सारी माहिती दप्तरदाराच्या वहीत आहे. वही जुनी असेल तर पोथी असून नसल्यासारखी. सिम्प्युटरचे आराखडे परवान्याने खुले होते, निरनिराळ्या निर्मात्यांनी ते घडवावेत अशी अपेक्षा होती. पण फलकात जरा फरक केला की गाभ्यातही फरक करणे आले. २००४ साली अमिडा सिम्प्युटर विक्रीस आला, तरी त्याचा प्रसार मर्यादितच राहिला. त्याची कारणे किंमत आणि बाजारपेठ यांत शोधली जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्या प्रश्नापुरते असे म्हणता येईल की या यंत्राने भाषेला नावात मान दिला, आज्ञावल्यांत स्थान दिले, माणसाची ओळख कार्डात ठेवली. यंत्राने स्वतःविषयी सांगावयाच्या माहितीत मात्र एका अंकापलीकडे फारसे काही मावत नव्हते.

या क्रमांकपद्धतीचा भार पुढे लिनक्सलाही सोसेना. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या प्रकारच्या यंत्रांसाठी गाभ्यात साठत चाललेल्या पसाऱ्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर यंत्राचे वर्णन गाभ्याबाहेर, ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वृक्षाकार नोंदीत ठेवण्याची पद्धत तेथे रूढ झाली. हा वृक्ष नवा नव्हता. सन कंपनीच्या यंत्रांतून तो आला आणि १९९४ साली ओपन फर्मवेअर या मानकात बद्ध झाला होता.

याच ओपन फर्मवेअरवर चालणारे एक यंत्र महाराष्ट्रात येऊन गेले आहे. ‘दर मुलामागे एक संगणक’ या योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ यंत्र २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरील मराठी प्राथमिक शाळेत मुलांच्या हाती आले. त्याच्या फर्मवेअरमध्ये निर्मितीच्या वेळी भरलेल्या दोन-दोन अक्षरी नोंदी असत : एक अनुक्रमांकाची, एक कळफलकाच्या मांडणीची आणि एक भाषा-प्रदेशाची. कार्यप्रणाली जागी होताच या नोंदी वाचून मुलाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे ते ठरवी. येथे प्रथमच भाषा ही स्मृतीच्या आकारासारखीच यंत्राची एक वस्तुस्थिती म्हणून नोंदलेली दिसते. या नोंदीत जे भरले तेच कार्यप्रणाली खरे मानणार, हेही त्यासोबत आलेच.

पुष्पिकेवर किती विश्वासावे हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय मानकात प्रत्येक कोष्टकाच्या आरंभी चार अक्षरी नाव, लांबी आणि निर्मात्याची सहा अक्षरी खूण असते, आणि सर्व बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी असा दंडक आहे. पोथीच्या अखेरीस बत्तीस अक्षरांचा एक याप्रमाणे ग्रंथसंख्या देण्यामागेही हीच सावधगिरी होती. परंतु बेरीज जुळल्याने मजकूर खरा ठरत नाही. यंत्राचा निर्माता व नाव सांगणाऱ्या कोष्टकात ‘हे निर्मात्याने भरावे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्यच अनेक यंत्रांत तसेच राहून गेलेले आढळते. पत्राच्या नमुन्यातला ‘अमुक’ हा शब्द नक्कल करणाऱ्याने इमानाने उतरून घ्यावा, तसे. याच्या उलट, फर्मवेअर जेव्हा कार्यप्रणालीला ‘तू विंडोज आहेस काय’ असे विचारते तेव्हा लिनक्स बेधडक होकार देतो, कारण अनेक निर्माते आपली कोष्टके त्याच एका उत्तरासाठी पारखून घेतात. नामदेवांच्या नाममुद्रेखाली विष्णुदास नाम्याची रचना किती गेली याचा शोध घेणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की येथे खोटी मुद्रा वाचकाच्या सोयीसाठी नव्हे, तर पोथी उघडावी म्हणून आहे.

आज बहुसंख्य टेबली आणि मांडीवरील संगणकांत बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आहे. त्यात यंत्राची भाषा नोंदवावयाची ‘प्लॅटफॉर्मलँग’ नावाची स्वतंत्र जागा आहे, आणि मराठीची ‘एमआर’ ही दोन अक्षरे तीत लिहिता येतात. फेडोरा या लिनक्सची प्रस्थापक आज्ञावली ही नोंद वाचून त्यावरून भाषा सुचवते. वाट अशी तयार आहे. अडचण दोन ठिकाणी उरते. फर्मवेअरच्या स्वतःच्या साध्या टंकात अक्षराला आठ बाय एकोणीस किंवा सोळा बाय एकोणीस ठिपक्यांची ठरीव चौकटच मिळते, म्हणजे ‘कार्त्स्न्य’ लिहावयाचे तर १९८१ चीच अडचण थोड्या मोठ्या चौकटीत पुन्हा उभी राहते. आणि प्लॅटफॉर्मलँगमध्ये तीच भाषा लिहिता येते जी शेजारच्या ‘प्लॅटफॉर्मलँगकोड्स’ या यादीत आधीपासून आहे. ही यादी निर्माता भरतो. वापरणाऱ्याला ती केवळ वाचता येते.