निस्तारपत्रक आणि आमचा गाव

माझे आजोबा नांगराच्या लाकडासाठी जंगलात निघाले म्हणजे ‘निस्ताराला चाललो’ असे म्हणत. त्या शब्दाचा अर्थ मी त्यांना कधी विचारला नाही. पुढे ग्रामसभेने वनहक्काच्या दाव्याचे कागद जुळविण्याचे काम आम्हां दोघातिघा शिकलेल्यांवर सोपविले, तेव्हा हाच शब्द २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात छापलेला आढळला. आजोबांच्या तोंडचा शब्द संसदेच्या कायद्यात आला कसा, याचा शोध म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

आपल्या भागात लिखित कायद्यापूर्वी वहिवाट होती. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्यास जमीन मिळे. तिला ‘तुकूम’ म्हणत. सरपण, बांबू, गवत, गुरचराई यांसाठी गावाने गावचे रान वापरावे, ही गोष्ट तर इतकी स्वाभाविक की ती कोणी लिहून ठेवली नाही. १७५१ मध्ये चांदा भोसल्यांकडे आणि १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेले. इंग्रजांनी जमीनबंदोबस्त करून मालगुजारांना गावाचे मालक ठरविले. मात्र रयतेची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदविली. नाव फारसी दफ्तरातले, कागद इंग्रजांचा आणि मजकूर गावाचा, असा हा तिहेरी दस्तऐवज! भाबडेपणाने त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. मालगुजारी आणि जमीनदारीच्या गावांतून वेठबिगारही ‘वहिवाट’च होती.

खरी मेख १८७८ च्या वनकायद्यात आहे. त्याने ‘हक्क’ आणि ‘सवलत’ यांत भेद केला. राखीव जंगलात लोकांचा वापर बहुधा सवलतीत जमा झाला; आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. रूढी सिद्ध करावयाची तर ती प्राचीन, निश्चित व वाजवी हवी, ही कसोटीही इंग्लंडातून आली. तिकडे मध्ययुगीन कायद्याने ‘अनादि काळा’ची मर्यादा ११८९ हे साल धरली होती. अनादि काळाला सनावळी असू शकते, हे वाचून मला हसू आले.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली व तिची जंगले सरकारजमा झाली. निस्तार मात्र टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १६१ व्या कलमात निस्तारपत्रक आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज आहे. संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत रूढी व परिपाठही येतात. २००६ च्या कायद्याने तर निस्ताराला सरळ हक्क म्हटले, मग त्याचे स्थानिक नाव काहीही असो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती यावयास २०११ उजाडले!

येथे एक अवघड प्रश्न उरतो. रूढी जंगल देते, तशी ती घरच्या मुलीची जमीन नाकारतेही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याच्या दुसऱ्या कलमानुसार तो अनुसूचित जमातींना सहसा लागू नाही. म्हणून आदिवासी स्त्रीचा वाटा रूढीवर अवलंबून. छत्तीसगडातील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. स्त्रीला वगळणारी रूढी आहे असे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी, नुसती गृहीत धरू नये, असा त्यातला विचार मला पटतो. आपल्या प्राध्यापकांपैकी काहींना तो पटणार नाही, हे मी जाणतो.

आमच्या दाव्यासाठी जुने निस्तारपत्रक मिळाले, पण अपुरे. नियमांप्रमाणे दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा ठरते. माझी आत्या शेजारच्या गावी दिलेली, म्हणून ती आमच्या दाव्यात नाही. वडिलांच्या शेतातही तिला वाटा मिळाला नाही. तिने मात्र मोहाची झाडे, गुरांची वाट, दोन्ही नाल्यांची नावे, सारे न अडखळता सांगितले. मी लिहीत होतो. शेवटी तिने अंगठा उमटविला आणि विचारले, “यात माझं नाव कोठं येते रे?”