शाईची साक्ष

मोहोळ हे सोलापूर-पुणे मार्गावरील तालुक्याचे गाव. मुलांनो, समजा, तेथील बाजारात ज्वारी विकून एक शेतकरी पाचशे रुपयांच्या वीस नोटा घेऊन घरी आला आणि त्यांतील एक बनावट निघाली. बँकेत ती भरावयास गेला, तर बँक ती ठेवून घेते, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारते आणि पोचपावती देते. परंतु तिच्या बदली एक पैसाही देत नाही. खोटी नोट छापणारा दूर कोठे तरी बसलेला असतो. तोटा मात्र ती शेवटी ज्याच्या हाती सापडली, त्या निरपराध माणसाचा होतो. म्हणूनच खरा कागद कोणता, हे बँकेच्या तज्ज्ञाइतकेच शेतकऱ्यालाही ओळखता आले पाहिजे.

ही चिंता आजची नव्हे. शिवकालात पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच अखेरीस मोर्तब उमटवीत. मोर्तब म्हणजे लहानशी मोहोर. तिच्याखाली कोणी एक ओळ जरी वाढविली, तरी लबाडी तत्काळ उघड होई. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला नित्याचा शब्द तेथूनच आला.

पुढे छापखाने झाले आणि मोहोरेचे काम कागद व शाई यांनी उचलले. १९२५ साली नाशिक येथे सरकारी प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले व १९२८ पासून नाशिकला नोटाही छापल्या जाऊ लागल्या. तोवर भारताच्या नोटा व टपालतिकिटे इंग्लंडहून छापून येत असत.

नोटेवरील एका शाईचा गुण असा की, तिची खरी ओळख साध्या उजेडात पटत नाही. सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगाच्याही पलीकडे काही किरण असतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांस अतिनील किरण म्हणतात. काही पदार्थ हे अदृश्य किरण शोषून घेतात आणि त्यांची ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत टाकतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने कोयनेलाच्या द्रावणाची निळसर झळाळी अभ्यासून या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. असेच पदार्थ मिसळलेल्या शाईने नोटेचे क्रमांक छापतात. अतिनील दिव्याखाली ते उजळतात, आणि कागदात विखुरलेले बारीक तंतूही चमकू लागतात.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. त्याच दिव्याखाली तुमच्या वहीचे पान धरले, तर ते सगळेच निळसर पांढरे झळकेल. कारण साधा कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात असेच उजळणारे द्रव्य घातलेले असते. नोटेचा कागद कापसाचा; त्यात ते नसल्यामुळे तो मंदच राहतो. अर्थात, सदऱ्याच्या खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोटही झळकू शकते, कारण धुण्याच्या पुडीतही तेच द्रव्य असते! तेव्हा एकाच खुणेवर भिस्त ठेवून चालत नाही.

शिवाय बाजारात अतिनील दिवा कोणाजवळ असणार? त्यासाठी दुसरी शाई आहे. नोव्हेंबर २००० मध्ये आपल्या देशात काही नोटांवर रंग पालटणारी शाई वापरण्यात आली. २०१६ पासूनच्या पाचशेच्या नोटेवर खालच्या उजव्या बाजूस ‘₹५००’ ही रक्कम आंतरराष्ट्रीय अंकांत अशा शाईने छापलेली असते. नोट सपाट धरली, तर ते अंक हिरवे दिसतात. तिरकी केली, की निळे होतात.

हा पालट घडतो कसा? पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा थेंब पसरला, की इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. तेलाच्या पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून प्रकाश परततो. हे दोन प्रवाह एकत्र येताना काही रंग बळावतात, काही मावळतात. या शाईत अतिसूक्ष्म कपच्या असतात. प्रत्येक कपचीत आरशासारख्या धातूच्या थरावर पारदर्शक थर आणि त्यावर पुन्हा धातूचा अत्यंत पातळ थर असतो. नोट कलती केली, की थरांतील प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि रंगही बदलतो. नक्कल काढणारे यंत्र एका वेळी एकाच बाजूने पाहते. म्हणून त्याने उतरविलेला हिरवा हिरवाच राहतो.

मुद्रांकाच्या कागदाचे दुःख निराळे आहे. नोट दिवसातून दहा हातांत फिरते व दहा वेळा पाहिली जाते. मुद्रांक एकदा दस्ताला लागला, की तो कपाटात पडून राहतो. अब्दुल करीम तेलगी याने बनावट मुद्रांक छापून देशभर विकले. बँका आणि विमा कंपन्यांपर्यंत ते पोहोचले. २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्यास शिक्षा ठोठावली. उत्तम शाईदेखील कोणी पाहिलीच नाही, तर मुकी राहते.

आणि ज्यांना रंग दिसत नाहीत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी पाचशेच्या त्याच नोटेच्या डाव्या व उजव्या कडेला पाच पाच उठावदार तिरप्या रेषा छापलेल्या असतात. बोट फिरविले, की त्या हाताला लागतात.