अमेरिकेचे काम ऐरोलीत कसे येते?



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले-मुली ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे नोकरीला आहेत. पूर्वी ठाण्याची नोकरी म्हटली की वागळे इस्टेटमधला कारखाना. आता पोरगं सांगतं, "ऐरोलीला कंपनीत आहे, रात्रपाळी आहे." कंपनी काय बनवते, हे विचारलं तर त्यालाही धड सांगता येत नाही. कारण ती काही बनवत नाही, दुसऱ्याचे काम करून देते. यालाच आउटसोर्सिंग म्हणतात.

व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. ऊसतोडीला कारखाना स्वतः माणसे नेमत नाही. मुकादमाशी करार होतो, मुकादम कोयते आणतो. अमेरिकेतली बँक किंवा विमा कंपनी म्हणजे कारखाना समजा, आपल्याकडची संगणक कंपनी म्हणजे मुकादम, आणि डोंबिवलीहून निघून ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जाणारी मुलगी म्हणजे कोयता. करार डॉलरमध्ये, पगार रुपयांत. १९९० साली डॉलरला सतरा-अठरा रुपये पडत. डिसेंबर २०२५ मध्ये तो नव्वदीच्या वर गेला. तिकडच्या एका पगारात इकडे कित्येक माणसे मिळतात, खरी मेख ही.

आणि रात्रपाळी का? न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तिकडच्या हिवाळ्यात साडेसात. तिथल्या गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा तर इकडे जागरण आलेच.

पण उसात आणि ह्या कामात एक मोठा फरक आहे. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून कारखाना शिवाराजवळच लागतो. संगणकाचे काम तारेवरून क्षणात ऐरोलीत येते आणि तसेच उद्या मनिलाला जाऊ शकते.

साखरेसारखा माल बंदरावर अडवता येतो. अमेरिका कमी जकातीत आपली साखर वर्षाला साडेआठ हजार टनांच्या आसपासच घेते, वरच्या मालाला जबर जकात. तारेवरच्या कामाला असा नाका नाही. म्हणून तिथले पुढारी माणसाला आणि पैशाला अडवू पाहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. परदेशी कामाच्या बिलावर २५ टक्के कर लावण्याचा प्रस्तावही त्याच वर्षी तिथे पुढे आला. इकडे, ठाण्यात मोठी कार्यालये असलेल्या टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसे कमी करणार असे जाहीर केले. टीसीएसची ही गत, तर लहान कंपन्यांचे काय विचारता!

तेव्हा मुलाला ह्या शाखेत घालताना कर्जाचा हिशोब आधी मांडावा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतात, नोकरी लागो न लागो. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की बँक बहुधा तारण मागते. मुलगा नोकरीला असेल तर काम कोणत्या देशाचे, करार किती दिवसांचा आणि काढताना नोटीस किती महिन्यांची, एवढे तरी त्याला विचारून ठेवावे.