जुन्या गाडीचा विटलेला रंग : नवा कोट की नुसते पॉलिश?

काष्टी (ता. श्रीगोंदा) येथील शनिवारचा जनावरांचा बाजार जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. बाजारात आणण्यापूर्वी बैलाची शिंगे साळतात, त्यांना तेल लावतात, अंगाला खरारा करतात. गिऱ्हाइकाचा डोळा आधी कोठे जातो हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. जुन्या मोटारीचेही तसेच आहे. इंजिन ठणठणीत असले तरी टप आणि बॉनेट पांढुरके पडलेली गाडी पडत्या भावाने मागितली जाते. म्हणून मालक सरळ पेंटरकडे जातो आणि अंगभर नवा कोट मारून घेतो. आमच्या मते पुष्कळ गाड्यांना या खर्चाची गरजच नसते. कंपनीचा मूळ रंग खाली जिवंत असतो, त्याला फक्त वर आणायचे असते. हे काम शिकण्यासारखे आहे आणि आपल्या तरुणांना त्यातून स्वतंत्र धंदाही उभा करता येईल.

आधी रंग का विटतो ते पाहू. रंगात दोन मुख्य गोष्टी असतात : रंगद्रव्याची बारीक भुकटी आणि तिला धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांनी हे धरून ठेवणारे द्रव्य वरच्या बाजूने कुजत जाते आणि भुकटी मोकळी होते. बोट फिरवले की खडूसारखी पूड हाताला लागते ती हीच. लाल रंग उन्हात सर्वांत लवकर मार खातो. त्यात आपल्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी, कडुनिंबाखाली उभ्या गाडीवर पडणारी पाखरांची घाण, आणि धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडे फडके झटकण्याची सवय! या शेवटच्या सवयीने जेवढे ओरखडे पडतात तेवढे रस्त्यावरही पडत नसतील.

काम हाती घेण्यापूर्वी रंग कोणत्या जातीचा आहे हे ओळखलेच पाहिजे. जुन्या पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, जीप, तसेच जुन्या मारुतींचे साधे पांढरे-लाल रंग बहुधा एकथरी असतात. म्हणजे रंग आणि चकाकी एकाच थरात. मेटॅलिक रंगावर मात्र वेगळा पारदर्शक थर असतो. परीक्षा सोपी आहे. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी समजावा; न लागला तर वर पारदर्शक थर आहे. या थराचे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटू लागले असतील तर जगातले कोणतेही पॉलिश तेथे उपयोगाचे नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो, आणि हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावे.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. कपड्यांची पावडर वापरू नये, तिचा क्षार रंगाला कोरडा करतो. मोटारीचा शाम्पू घ्यावा. बादल्या दोन ठेवाव्यात : एकीत साबणाचे पाणी, दुसरीत स्पंज खळबळून माती काढण्यासाठी साधे पाणी. पाण्याचे पांढरे डाग उरले तर पाणी मिसळलेला व्हिनेगर फिरवून लगेच धुवून टाकावा. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवावा. खरखर लागली तर समजावे की घाण रंगात रुतून बसली आहे. त्यासाठी खास चिकणमातीची वडी मिळते. साबणाचे पाणी लावून ती हलक्या हाताने फिरवली की पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागतो.

यानंतरचा भाग घाईने बिघडतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कंपनीच्या रंगाचे सर्व थर मिळून जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग असते. प्रत्येक घासणीत त्यातून काही जातेच आणि गेलेले परत येत नाही. म्हणून सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य पॉलिशने, तीही वीतभर जागेवर करावी. तेवढ्याने चकाकी आली तर पुढे जाऊच नये. नाही आली तर रबिंग कंपाउंड घ्यावे. 2000 नंबरचा वॉटर पेपर हा अगदी शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी उलटे चालते, कारण पेपरने काम लवकर उरकते.

एकथरी रंग फार कोरडा पडला असेल तर घासण्यापूर्वी त्याला तेलकट ग्लेझ पाजावे. जाड टॉवेलच्या तुकड्याने ते भरपूर चोळून रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी पुसावे. फिका लाल कसा गडद होतो ते पाहण्यासारखे असते. बाजारात गाडी उभी करण्याआधी डिझेल-रॉकेलचा हात फिरवण्याची चाल आहे, ती मात्र वेगळी गोष्ट. ती चमक दोन दिवसांची असते, त्यावर धूळ चिकटते आणि रंगाचे भले काहीच होत नाही.

बफिंग मशीन असेल तर ते एका जागी थांबू देऊ नये, उष्णतेने रंग भाजतो. पत्र्याच्या कडा आणि उंचवटे यांवर रंग सर्वांत पातळ असतो. तेथे मास्किंग टेप लावून ठेवावी आणि ती काढल्यावर तेवढा भाग हाताने करावा. खालचा प्रायमर झळकू लागला की तत्काळ थांबावे. शेवटी कार्नोबा मेणाचा पातळ हात द्यावा. आपल्या उन्हात तो दोन-तीन महिने टिकतो, गाडी सावलीत राहिली तर अधिक.

जुना पिवळा किंवा लाल रंग घासताना एक सावधगिरी हवी. त्यात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, पाण्यानेच घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि हात धुतल्याशिवाय जेवू नये. दोन घटकांचा पीयू रंग फवारणाऱ्या बांधवांना याहून मोठा धोका असतो. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधल्याने तो अडत नाही, त्यासाठी बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. पॉलिशचे काम शिकावे असे आम्ही म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय रंगकामाला कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि धूळ नसलेली बंद शेड लागते. येथे बादल्या, फडकी, चार डबे आणि एक मशीन एवढ्यावर सुरुवात होते. व्याजी कर्जाच्या दारात जाण्याची वेळच येत नाही.

गंज मात्र पॉलिशने जात नाही. रंगाखाली फोड दिसला की आतून पत्रा खाल्ला जात आहे हे नक्की. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजतात, तेथून बहुधा सुरुवात होते. भोके मोकळी करावीत, चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडावे, फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावून वाळल्यावर धुवावे, मग प्रायमर आणि टचअप करावे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आरटीओकडून नूतनीकरण करून घ्यावी लागते. तेथील तपासणीत सडलेला पत्रा चकाकीमागे लपत नाही.

आणि येथेच या धंद्याचा खरा प्रश्न आहे. पुट्टी भरून, वर रंग मारून, चकचकीत केलेला सडका पत्रा विकणे फार सोपे असते. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा धान्याच्या राशीजवळून जात असता त्यांनी राशीत हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपला नव्हे असे बजावले. पाऊस पडला हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता, हे ध्यानात घ्यावे. गाडी गंजली यात मालकाचाही दोष नसेल, पण ती ओल वर ठेवणे त्याच्या हातात आहे. पॉलिश करणाऱ्याच्याही हातात आहे, कारण आतले त्यालाच आधी कळते.

घेणाऱ्याने लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जेथे पकड सैल होते तेथे खाली पुट्टी आहे. काम करणाऱ्याने पावतीवर स्पष्ट लिहावे : कोणता भाग नुसता पॉलिश केला, कोठे पुट्टी आढळली, कोठे गंज काढला, कोठे नवा रंग दिला. पावती दोन प्रतींत करावी. एक आपल्याजवळ ठेवावी आणि दुसरी गाडीच्या कागदपत्रांत लावून द्यावी, म्हणजे गाडी पुढे कोणाकडेही गेली तरी ती तिच्याबरोबर जाईल.