लेबनानी व्यापाऱ्याशी ओळख कशी करावी?

पवित्र कुरआनच्या सूरह कुरैशमध्ये मक्केच्या व्यापाऱ्यांच्या हिवाळी व उन्हाळी सफरींचा उल्लेख आहे. मुफस्सिर सांगतात की उन्हाळ्यातला काफिला शामकडे जात असे. जुन्या काळी ज्याला शाम म्हणत, त्यात आजचे सीरिया, जॉर्डन, फिलस्तीन आणि लेबनॉन हे सारे येते. म्हणजे मुस्लिम व्यापाऱ्याला हा मुलूख नवखा नाही. तरीही आपल्यापैकी बहुतेकांची लेबनॉनशी ओळख युद्धाच्या बातम्यांपलीकडे जात नाही. मग दुबईच्या बाजारात किंवा पश्चिम आफ्रिकेच्या एखाद्या बंदरात लेबनानी व्यापारी समोर बसला की आपण त्याला ‘अरब’ या एका शब्दात गुंडाळतो. व्यवहार बिघडायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंसाठी हा छोटासा धडा.

१. देश लहान, बाजार जगभर

लेबनॉनचे क्षेत्रफळ फक्त १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. आपल्या एखाद-दुसऱ्या जिल्ह्याएवढा हा देश! पण सूर आणि सैदा ही त्याची बंदरे हजारो वर्षांपासून व्यापारासाठी प्रसिद्ध आहेत. सूरचा जांभळा रंग समुद्री शिंपल्यांपासून काढला जाई आणि त्या रंगाचे कापड बादशहांच्या अंगावर दिसे. १९व्या शतकात डोंगरउतारांवर तुतीची झाडे लावून मोठ्या प्रमाणावर रेशीम काढले जाई. ते रेशीम फ्रान्सच्या लियाँ शहरातल्या कारखान्यांना जात असे.

त्याच शतकाच्या अखेरीपासून लोक पोटासाठी परदेशी जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१८ या काळात, तिथे भयंकर दुष्काळ पडला आणि असंख्य माणसे दगावली. ब्राझीलला गेलेले अनेक लेबनानी व सीरियन लोक सुरुवातीला कापडाचे व किरकोळ वस्तूंचे गाठोडे खांद्यावर टाकून गावोगाव फेरी करीत. साओ पाउलो शहरात ‘२५ मार्च’ नावाचा रस्ता आहे. तिथली प्रसिद्ध कापडपेठ याच लोकांनी उभी केली. आज लेबनॉनमध्ये राहणाऱ्यांपेक्षा लेबनानी वंशाचे लोक बाहेरच अधिक आहेत.

यातून व्यापाऱ्याने काय शिकावे? समोरच्या माणसाचा एक भाऊ आफ्रिकेत, एक मेहुणा आखातात आणि चुलते ब्राझीलमध्ये असू शकतात. आपण एका दुकानाशी वागतो, पण आपल्या वागणुकीची बातमी चार देशांत पोहोचते. चांगला माल दिला तर चार दारे उघडतात. नमुना एक आणि माल दुसरा पाठवला तर तीच चार दारे बंद होतात.

२. अरबी बोलतो म्हणून मुसलमानच, असे नाही

लेबनॉनमध्ये १८ पंथांना सरकारी मान्यता आहे. सुन्नी, शिया, द्रूझ, मॅरोनाइट ख्रिस्ती, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, आर्मेनियन असे अनेक. १९४३ साली देश स्वतंत्र झाला तेव्हाच्या समझोत्यानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी व संसदेचा सभापती शिया असतो. धर्मवार शिरगणती १९३२ नंतर झालेलीच नाही, इतका हा प्रश्न नाजूक आहे. १९७५ ते १९९० असे पंधरा वर्षांचे गृहयुद्ध या लोकांनी सोसले आहे.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथला ख्रिस्ती माणूसही ‘इन्शाअल्लाह’ आणि ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणतो, कारण ती त्याची मातृभाषा आहे. समीर, करीम, जमील, नदीम ही नावे दोन्हीकडे आढळतात. नावावरून वा बोलण्यावरून धर्म ठरवू नये आणि पंथ तर कधीच विचारू नये. ‘तुमचे गाव कोणते?’ हा आपल्याकडचा साधा प्रश्नही तिथे वजनदार ठरतो, कारण गावावरून बहुधा पंथ कळतो. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे. राजकारणाचा विषय आपण काढू नये.

पहिल्या भेटीत ‘मरहबा’ म्हणावे. हा शब्द सर्वांना चालतो. समोरच्याने सलाम केला तर आपण सलामाचे उत्तर द्यावेच. बाईमाणसाशी व्यवहार असेल तर हात पुढे करण्याची घाई करू नये. छातीवर हात ठेवून अभिवादन करण्याची रीत तिथे सर्वांना ठाऊक आहे व तिचा कोणी राग मानत नाही. आठवड्याची सुट्टी सौदी अरबसारखी शुक्रवारी नसून शनिवार-रविवारी असते. २५ मार्च हा दिवस हजरत मरयम (अ.) यांना मिळालेल्या शुभवार्तेचा म्हणून २०१० पासून मुस्लिम व ख्रिस्ती यांची सामायिक राष्ट्रीय सुट्टी आहे. त्या दिवशी माल पोचवण्याचा वायदा करू नये.

इथे एका थोर इमामांची आठवण होते. इमाम औजाई (रह.) यांचा जन्म बालबकचा. इ.स. ७७४ साली ते बैरूतमध्ये वारले. त्यांच्या नावाची वस्ती आजही तिथे आहे. अब्बासी काळात लेबनॉनच्या डोंगरातल्या काही ख्रिस्ती लोकांनी बंड केले, तेव्हा सुभेदाराने बंडात नसलेल्यांनाही गावांतून हुसकावले. इमामसाहेबांनी सुभेदाराला पत्र लिहून खडसावले की थोड्यांच्या गुन्ह्याची शिक्षा सर्वांना देणे हा अन्याय आहे. इतिहासकार बलाजुरी यांनी हे नमूद केले आहे. एका माणसाने पैसे बुडवले की आपण सगळ्या जातीला शिव्या देतो. इमामसाहेबांचे पत्र अशा वेळी आठवावे.

३. उर्दू जाणणाऱ्यांचा फायदा आणि धोका

ज्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले त्यांना अरबी पाटी वाचता येते. हिसाब, दुकान, बाकी, फरक, साबून हे शब्दही ओळखीचे वाटतात. पण सावध राहावे. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका माणूस. निर्धनाला तिथे ‘फकीर’ म्हणतात. ‘मकतब’ म्हणजे मुलांची शाळा नव्हे, तर कचेरी. ‘तकलिफा’ म्हणजे त्रास नव्हे, तर मालाचा पडता खर्च. ‘शरिका’ म्हणजे कंपनी.

बोलीत ‘काफ’चा उच्चार बहुतेक गळून जातो, म्हणून ‘कहवा’चे ‘अहवे’ होते. अनेक लोक अरबीबरोबर फ्रेंच व इंग्रजीही बोलतात आणि एकाच वाक्यात तिन्ही भाषा येतात. आपण मोडकीतोडकी अरबी बोललो तर त्यांना आनंद होतो. मात्र दर, माप आणि तारीख या तीन गोष्टी आकड्यांत लिहूनच पक्क्या कराव्यात. मीटर की वार, पन्हा किती, रंगात किती फरक चालेल, हे सारे कागदावर हवे.

४. आधी कॉफी, मग भाव

दुकानात पाय ठेवताच कॉफी येईल. ती नाकारू नये. कॉफी संपण्याआधी भावाला हात घालणे उतावीळपणाचे दिसते. प्रकृती, मुलेबाळे, प्रवास यांची विचारपूस आधी होते. वडीलधाऱ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावावरून ‘अबू अमुक’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ओळख मुरल्यावरच तसे म्हणावे.

जेवणाचे आमंत्रण मिळाले तर तो मोठा मान समजावा. टेबलावर हुम्मुस, तब्बूले, किब्बे, लबने अशा लहान लहान थाळ्यांची रांग लागते आणि यजमान आग्रहाने वाढत राहतो. ‘सहतैन’ म्हटले म्हणजे ‘दुप्पट आरोग्य लाभो’ अशी दुआ. घरी जाताना मिठाई न्यावी. काही घरांत वा उपाहारगृहांत ‘अरक’ नावाची दारूही असते. आपण छातीवर हात ठेवून हसतमुखाने ‘शुक्रन’ म्हणावे. तिथे न पिणारे पुष्कळ आहेत, कोणी जबरदस्ती करत नाही. यजमानाला उपदेश करण्याची ती जागा नव्हे. आपले आचरण हाच उपदेश.

‘इन्शाअल्लाह उद्या’ असे उत्तर मिळाले तर त्यावर माल रवाना करू नये. नम्रपणे विचारावे, ‘उद्या किती वाजता?’

५. हाताच्या कामाची कदर

आपल्या कारागीर बंधूंना हे विशेष सांगायचे आहे. लेबनॉनमध्ये कुशल कारागिराला ‘मुअल्लिम’ म्हणतात, म्हणजे उस्ताद. काम करणाऱ्याजवळून जाताना ‘यातीकल आफ्ये’ म्हणतात, म्हणजे अल्लाह तुला बळ देवो. कोणी काही बनवून दिले की ‘यिस्लमू इदेक’, म्हणजे तुझे हात सलामत राहोत.

त्रिपोली शहरात मामलूक काळापासून चालत आलेली शिंप्यांची सराय, ‘खान अल-खय्यातीन’, आजही आहे. तिथला ऑलिव्ह तेलाचा साबण प्रसिद्ध आहे. जूक मिकाइल हे गाव हातमागासाठी ओळखले जाते. बैरूतजवळच्या बुर्ज हम्मूदमध्ये आर्मेनियन निर्वासितांच्या वंशजांची दागिने व चामड्याची दुकाने आहेत. उंची पोशाखांत बैरूतच्या शिवणघरांचे नाव जगभर आहे. २००२ च्या ऑस्कर समारंभात अभिनेत्री हॅले बेरीने घातलेला पोशाख बैरूतच्या एली साब यांचा होता. परदेशी फॅशन घरांचे भरतकाम आपल्या मुंबईच्या जरदोजी कारखान्यांतूनही होते. ज्या मुलखात हाताच्या कामाला दुआ दिली जाते, तिथे आपल्या कारागिराने दलालाच्या आड लपून न राहता स्वतःच्या नावाने नमुने दाखवावेत.

६. पैशाचा व्यवहार

आता सर्वांत महत्त्वाचे. १९९७ पासून एका डॉलरला सुमारे १,५०७ लिरा हा दर बांधलेला होता. २०१९ साली बँकांनी लोकांच्या ठेवी अडकवल्या. मार्च २०२० मध्ये सरकारने परदेशी कर्ज थकवले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात प्रचंड स्फोट झाला. पुढे लिरा घसरत जाऊन डॉलरला ८९,५०० च्या आसपास पोहोचला. २०२४ च्या युद्धाने आणखी नुकसान केले. प्रामाणिक व्यापाऱ्याचाही आयुष्यभराचा पैसा बँकेत अडकला, हे ध्यानात घेऊन बोलावे.

पण सहानुभूती वेगळी आणि उधारी वेगळी. २०१९ पूर्वी बँकेत अडकलेला डॉलर आणि बाहेरून आलेला ‘ताजा’ डॉलर यांची किंमत एक नाही. म्हणून पैसे कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेतून येणार, हे सौद्याआधी ठरवावे. शक्य तर लेबनॉनबाहेरच्या बँकेने हमी दिलेले पतपत्र घ्यावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने लेबनॉनला वाढीव देखरेखीच्या यादीत टाकले. त्यामुळे आपली बँक जादा कागद मागेल. ते आधीच तयार ठेवावेत. निर्यात पतविमा देणाऱ्या ईसीजीसीकडेही चौकशी करावी. हवालामार्गे पैसे घेण्याचा मोह टाळावा. तो कायद्याने गुन्हा आहे आणि वाद झाला तर हातात पुरावाही उरत नाही.

सूरह बकरहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. कागद मागितला तर मैत्री दुखावेल असे आपल्या लोकांना वाटते. खरे तर कागदच मैत्री टिकवतो. लेबनानी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात धंदा करत आला आहे. त्याला हे चांगले समजते आणि नीट कागद करणाऱ्या माणसाची तो कदरच करतो.

सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की माणसांच्या जाती-जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून बनवल्या आहेत. ओळख ही भावताव सुरू होण्याआधीची पायरी आहे. बंधूंनो, ती पायरी गाळू नका. पुढच्या वेळी लेबनानी गिऱ्हाईक आले तर कापडाचा तागा उलगडण्याआधी ‘मरहबा’ म्हणा, चहा-कॉफी मागवा, त्याची विचारपूस करा आणि त्याचे उत्तर मन लावून ऐका.